स्टेशनरीचं स्पेलिंग: ‘ई’ की ‘ए’?

अप्पा बळवंत चौकात वह्या-पेनांचं दुकान टाकताय? पाटी रंगवायला देण्याआधी इंग्रजी नावातलं आठवं अक्षर तपासा. एस-टी-ए-टी-आय-ओ-एन आणि पुढे ई-आर-वाय, हे लेखनसाहित्य. त्या ‘ई’च्या जागी ‘ए’ पडला की अर्थ होतो ‘एका जागी स्थिर’. उच्चारात फरक जवळजवळ कळत नाही, देवनागरीत तर दोन्ही ‘स्टेशनरी’च. म्हणून कानावर विसंबू नका.

खरी खूण व्युत्पत्तीत आहे. मध्ययुगीन युरोपात बरेच विक्रेते फिरते असत. पक्कं दुकान थाटून ग्रंथ विकणारा तो लॅटिनमध्ये ‘स्टेशनेरियस’, इंग्रजीत ‘स्टेशनर’. लंडनमधल्या त्यांच्या संघाला १५५७ साली राजसनद मिळाली. म्हणजे मुळात दोन्ही शब्द ‘उभं राहणं’ या एकाच धातूचे. पण बेकरची बेकरी, तशी स्टेशनरची स्टेशनरी: दोन्हीकडे ई-आर, मग वाय. एवढं पक्कं केलंत की पुरे.

संगणकाचा स्पेलचेक ही चूक बहुधा सोडून देतो, कारण दोन्ही शब्द खरेच आहेत. फ्लेक्सचं प्रूफ, बिलबुक, रबरी शिक्का, सगळं अक्षर-अक्षर वाचूनच छपाईला होकार द्या. शेवटी अनेकवचनाचा ‘एस’ही नको.