होडीचं मशीन दम धरत नसेल तर आधी पंखा बघा

१ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी, म्हणजे दोन महिने मशीन शेडात. मग ऑगस्टमध्ये आऊटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे टांगायचं मशीन, होडीला लावलं की दोन दोऱ्यांत चालू होतं, किनाऱ्यावर आवाज एकदम झकास, आणि खाडीच्या तोंडावर लाटेला लागलं की रडायला लागतं. आमच्याकडे मालवणात लोक लगेच कार्बोरेटर खोलतात. मी पण खोलला होता, जेटीवर बसून, त्यातला एक बारका स्क्रू गेला पाण्यात, आणि शेवटी भानगड निघाली पंख्याची, म्हणजे पाण्यातल्या प्रोपेलरची.

म्हणून आधी कान द्या. आवाज चढतोय पण होडी पुढे जात नाही, की मुळात आवाजच चढत नाही?

आवाज चढतोय तर गडबड पंख्याकडे. मशीन बंद, किल-स्विचची (मशीन बंद करणाऱ्या बटणाची) दोरी काढलेली, मगच हात घालायचा. पात मुडपलीय का, आणि पंखा काढून मागे शाफ्टवर तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा दोरा) गुंडाळलाय का बघा. माझ्या मशीनला वीतभर तंगूस इतका घट्ट बसला होता की ब्लेडने कापून काढावा लागला, आणि असा तंगूस तिथलं तेल अडवणारं सील कापतो, मग गिअरच्या तेलात पाणी जाऊन तेल दुधाच्या चहासारखं होतं. तसं दिसलं तर सील बदलल्याशिवाय बाहेर जायचं नाही. रबरी बुश (मधल्या नळीभोवतीचं रबर) असलेला पंखा आतल्या आत घसरतो, तो ओळखायला आतली नळी आणि बाहेरचा भाग यांच्यावरून मार्करने एक सरळ रेघ मारा आणि फुल रेसवर फेरी मारून या. रेघ तुटलेली दिसली की बुश गेला.

आवाजच चढत नाही तर एकदा होडीचं बूड बघा, शिंपले धरलेलं बूड चांगल्या मशीनला पण ओढू देत नाही. आणि थ्रॉटल फिरवल्यावर केबल पूर्ण खेचतेय ना तेही बघून घ्या.

मग पेट्रोल. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते ओल धरतं, त्यात आपली पावसाळी हवा, त्यामुळे मे महिन्यातलं उरलेलं वापरूच नका (काटकसर कळते मला, पण नको). टाकीच्या तळाचं थोडं काचेच्या बाटलीत काढून अर्धा तास ठेवा, खाली वेगळा थर दिसला तर सगळं बाहेर. टाकीच्या झाकणाचा हवेचा स्क्रू उघडा हवा, तो बंद राहिला तर पाईपमधला रबरी फुगा चपटा होतो. होडी दमली की दुसऱ्याला तो फुगा दाबत राहायला सांगा, दाबल्यावर मशीन उचललं तर पेट्रोल पुरत नाहीये, मग फिल्टर, पाईपची जोडणी, फ्युएल पंप याच क्रमाने. फुगा दाबून फरक नाही, आणि हळू चांगलं चालतं पण फुल रेसला गुदमरतं, तर मग खुशाल कार्बोरेटर खोला, मेन जेटमध्ये (पेट्रोलच्या बारीक भोकात) कचरा असणार. फक्त खाली परात ठेवा.

दोन सिलिंडरचं मशीन एकावर चालत असेल तर प्लग काढल्यावर कळतं, एक कोरडा तपकिरी, दुसरा ओला काळा. ओल्याच्या जागी नवीन टाकून बघा. चालू मशीनची प्लगवायर ओढून बघायची सवय मात्र सोडा, शॉक बसतो आणि सीडीआय (ठिणगी देणारा इलेक्ट्रॉनिक डबा) जळू शकतो.

मशीन थंड ठेवणाऱ्या पाण्याची मागची धार बारीक झाली असेल तर पुढे चालवू नका. मीठ अडकलंय किंवा इम्पेलर (पाणी ओढणाऱ्या पंपाचं रबरी चाक) गेलाय, आणि काही मशीनं गरम झाली की स्वतःच रेस कमी करतात.

एवढं करूनही नाहीच, तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजायचं. ते गेज मिस्त्रीकडे असतं, दोन सिलिंडरांत मोठा फरक आला तर पिस्टनच्या रिंगचा खर्च धरून चाला.