क्रेडिट कार्ड खुशाल वापरा, पण मिनिमम ड्यूच्या नादी लागू नका

गणपती झाले की बडोद्यात नवरात्रीची गडबड सुरू होते, तिच्या मागोमाग दिवाळी, आणि नवीन नोकरीला लागलेली आपली बरीच मुलं पहिलं क्रेडिट कार्ड याच दिवसांत घेतात. कुणी मॉलमधल्या टेबलावर फॉर्म भरतं, कुणी मोबाईलवरच. मग चणियाचोळी, गरब्याचे पास, आईसाठी मिक्सर, सगळं कार्डावर. त्यात काही वाईट नाही, मीही कार्ड वापरते. खरा घोळ होतो तो बिल आल्यावर, कारण त्यावर दोन आकडे असतात, म्हणून आधी त्याचंच सांगते.

एक असतो टोटल अमाउंट ड्यू, म्हणजे पूर्ण बिल, आणि दुसरा मिनिमम अमाउंट ड्यू, म्हणजे निदान एवढं तरी भरा असा आकडा. मिनिमम म्हणजे साधारण टोटलच्या ५ टक्के, आणि ॲपमध्ये तो इतका सोयीचा दिसतो की माणसाला वाटतं चला, या महिन्याचं भागलं. भागलेलं काहीच नसतं, फक्त लेट फी टळलेली असते. समजा बिल ४०,००० आलं आणि तुम्ही २,००० भरले. राहिले ३८,०००. कार्डाचं व्याज महिन्याला ३ ते पावणेचार टक्क्यांच्या आसपास असतं, साडेतीन धरलं तर १,३३० रुपये झाले, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी म्हणजे आणखी २४० च्या आसपास. म्हणजे पुढच्या महिन्यात परत २,००० भरले तर त्यातले जवळजवळ १,५७० व्याजातच गेले आणि मुद्दल कमी झालं जेमतेम ४३० नी!! वर्षाचा हिशोब केला तर हा दर ४२ टक्के होतो. २००८ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने ३० टक्क्यांच्या वर व्याज घेणं अयोग्य ठरवलं होतं, पण डिसेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो निकाल रद्द केला, त्यामुळे कुठलातरी नियम आपल्याला वाचवेल या भरवशावर बसू नका.

आणि याहून मोठी गोष्ट, जी कार्ड विकणारा कधीच नीट सांगत नाही: एकदा बाकी पुढे ढकलली की नवीन खरेदीवरचे बिनव्याजी दिवसही (खरेदीपासून बिल भरायच्या तारखेपर्यंतचे) जातात. म्हणजे त्यानंतर तुम्ही किराणा घेतला किंवा पेट्रोल भरलं तरी त्यावर घेतल्या दिवसापासून व्याज लागतं. म्हणून बाकी राहिली असेल तर ती पूर्ण फिटेपर्यंत कार्ड कपाटात ठेवा, रोजचा खर्च डेबिट कार्ड किंवा यूपीआयवर आणा. (रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडलं असेल तर पैसे देताना कुठलं खातं निवडलंय ते बघा, चहा-सेवउसळसुद्धा क्रेडिटवर जाते आणि कळतही नाही.)

आता कार्ड हातात आल्यावर करायची कामं. सगळ्यात आधी ऑटोपे लावा, म्हणजे बिल खात्यातून आपोआप भरलं जाईल, आणि लावताना टोटल अमाउंट निवडा, कारण तिथे मिनिममचाही ऑप्शन असतो आणि बरेच जण घाईत तोच ठेवतात. मग बिल कुठल्या तारखेला बनतं ते बघा. समजा १५ तारखेला बनतं आणि पुढच्या ५ ला भरायचं असतं, तर १६ ला घेतलेल्या वस्तूला जवळजवळ ५० दिवस मिळतात आणि १४ ला घेतलेल्या वस्तूला वीस-एकवीसच. पगार महिन्याच्या शेवटी होत असेल आणि ड्यू डेट २५ असेल तर ओढाताण होणारच, अशा वेळी बँकेला सांगून बिलाची तारीख बदलून घ्या, आरबीआयच्या नियमात ती सोय आहे.

लिमिट दोन लाख मिळालं म्हणजे पगार दोन लाख झाला नाही. ॲपमध्ये लिमिट स्वतःच कमी करता येतं, ते करा, फक्त खर्च लिमिटच्या ३० टक्क्यांच्या आत राहील असं बघा, सिबिल स्कोअरसाठी (कर्ज देताना बँका बघतात तो आकडा) तेवढं बरं. विचारल्याशिवाय बँक लिमिट वाढवू शकत नाही, त्यामुळे फोनवर उगाच हो म्हणू नका.

एटीएममधून क्रेडिट कार्डाने पैसे काढायचे नाहीत. अजिबात नाही. त्याला बिनव्याजी दिवस नसतातच, वर फी वेगळी.

नो कॉस्ट ईएमआयमध्ये, म्हणजे बिनव्याजी म्हणून दिलेल्या हप्त्यांमध्ये, प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी बघा, आणि रोख घेतलं तर दुकानदार किती कमी करतो ते विचारा, मंगळ बाजारात भाव करतो तसा इथेही करायला लाजू नका.

आधीच अडकला असाल तर घरी सांगा, लपवू नका, महिने जातात तसं ते वाढतच जातं. एफडी असेल तर तिच्यावर कर्ज काढून कार्ड एकदम फेडा, एफडीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त पडतात, ४२ पुढे ते काहीच नाही. एफडी नसेल तर सोन्यावर किंवा पर्सनल लोन, तेही बहुतेक वेळा बरंच स्वस्त पडतं. बँक थोडे पैसे सोडून सेटलमेंट देत असेल तर ते अगदी शेवटचं ठेवा कारण सिबिलच्या रिपोर्टमध्ये सेटल्ड असा शिक्का राहतो आणि पुढे घराच्या लोनला तो आडवा येतो.

फेडून झालं आणि कार्ड नकोच वाटलं तर बंद करायला लेखी किंवा ॲपमधून सांगा. बाकी शून्य असेल तर ७ कामाच्या दिवसांत बंद करावं लागतं, नाहीतर बँकेने तुम्हाला दिवसाला ५०० रुपये दंड द्यायचा असतो. वसुलीवाले सकाळी ८ च्या आधी किंवा संध्याकाळी ७ नंतर फोन करू शकत नाहीत, केला तर तारीख-वेळ लिहून बँकेत तक्रार द्या, ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर आरबीआयच्या लोकपालाकडे जाता येतं, त्यांचा नंबर १४४४८, तक्रार करायला पैसे लागत नाहीत.