लिफ्टची भीती घालवताना, आणि ती परतू नये म्हणून
आत शिरण्याआधी अंदाज लिहून ठेवा: ‘दार अडकेल, श्वास कोंडेल, खात्री १०० पैकी ८०.’ मग चढा. मोबाइल घट्ट धरणं, मजले मोजणं, कुणाला सोबत नेणं बंद (हातातली पाण्याची बाटलीसुद्धा). नाहीतर मेंदू सुटकेचं श्रेय त्या आधारालाच देतो. छाती धडधडू द्या, भीती शून्यावर येण्याची वाट बघू नका. बाहेर आल्यावर ताडून बघा: नेमकं काय घडलं?

जुनी भीती पुसली जात नाही, तिच्या शेजारी नवा अनुभव साठतो. म्हणून एकाच लिफ्टवर अडू नका: अरुंद, गर्दीची, रात्रीची. आधी रोज, पुढे आठवड्यानं, मग महिन्यानं. मोठ्या खंडानंतर धडधड परतली, तर लवकरच पुन्हा चढा. पॅनिकचे झटके तीव्र असतील तर हे थेरपिस्टच्या देखरेखीखालीच करा.