आवाज आहे, चित्र नाही: होम थिएटर जोडताना या चुका टाळा

नाशिकच्या सिडकोतल्या मेहुण्याचा रविवारी दुपारी फोन आला. मॅचला पाऊण तास उरला होता. "दाजी, नवा टीव्ही पहिल्याच दिवशी गेला वाटतं. नो सिग्नल दाखवतोय." म्हटलं, अरे, नो सिग्नल लिहून येतंय म्हणजे टीव्ही ठणठणीत आहे. गेलेला टीव्ही काही लिहीत नाही.

मी गंगापूर रोडवरून पोचेपर्यंत त्याने सगळ्या वायरी उपसून सोफ्यावर पसरल्या होत्या. सगळ्यात मोठी चूक हीच. सेट टॉप बॉक्स, रिसीव्हर (स्पीकरना आवाज आणि टीव्हीला चित्र पोचवणारा डबा), टीव्ही अशी साखळी असते आणि चित्र त्यातल्या एकाच कडीत अडकतं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर बिघाड कुठे होता ते कधीच कळत नाही. आम्ही बॉक्स उचलून टीव्हीखाली आणला आणि छोट्या केबलने थेट टीव्हीला जोडला. चित्र लख्ख. मग रिसीव्हरही तिथेच आणून मध्ये घातला. तरी चित्र आलं. म्हणजे संशय उरला तो रिसीव्हरपासून टीव्हीपर्यंत भिंतीतून नेलेल्या केबलवर.

ही केबल १५ मीटरची. साधी तांब्याची केबल ४के चित्र पाचेक मीटरच्या पुढे न्यायला कुरकुर करते, म्हणून त्याने ऑप्टिकल एचडीएमआय, म्हणजे चित्र आणि आवाज प्रकाशाने नेणारी केबल घेतली होती. निवड बरोबर होती. पण या केबलला दिशा असते. एका टोकात विजेच्या सिग्नलचा प्रकाश करणारा भाग, दुसऱ्या टोकात प्रकाशाचा पुन्हा सिग्नल करणारा. टोकांवर बारीक अक्षरात 'सोर्स' आणि 'डिस्प्ले' लिहिलेलं असतं. वायरमनच्या दृष्टीने वायरीला पुढचं-मागचं नसतं, त्यामुळे त्याने हाताला आलं ते टोक पाइपात घातलं. वरून पीओपी झालं, रंगही झाला. सुदैवाने उलट्या जोडणीने सहसा काही जळत नाही, नुसतं चित्र येत नाही. शेपटाला सुतळी बांधून केबल बाहेर ओढली, फिरवली, पुन्हा आत घातली. ओढताना कनेक्टरला धरायचं नाही आणि कोपऱ्यात काटकोनात वाकवायची नाही, आतली काच तुटते. मॅचचा दुसरा डाव तेवढा बघायला मिळाला.

कन्सिल फिटिंग करणाऱ्या प्रत्येकाला माझं एकच सांगणं: भिंत बुजवायच्या आधी त्या केबलमधून खरंखुरं चित्र चालवून बघा. कंटिन्युइटी, म्हणजे वायर मध्ये तुटलेली नाही ना, एवढंच तपासून दिवा लागतो, चित्र लागत नाही.

रिसीव्हरचं स्वतःचं सेटिंग टीव्हीवर दिसत असेल, तर रिसीव्हर ते टीव्ही हा रस्ता मोकळा आहे. दोष त्याच्या अलीकडे. सेटिंगही दिसत नसेल, तर आधी मागचं आउटपुट बघा. दोन आउट असलेल्या रिसीव्हरवर केबल एकात आणि निवड दुसऱ्याची, हे फार वेळा होतं.

आवाज येतो, काही ॲप दिसतात आणि नेमका ४के सिनेमा लावला की काळोख? हा बहुतेक वेळा कॉपी-संरक्षणाचा खेळ असतो. ४के चित्रपटांना साखळीतल्या प्रत्येक यंत्रात एचडीसीपी २.२ नावाचं हे संरक्षण लागतं आणि २०१३ च्या आसपासच्या किंवा त्याआधीच्या बऱ्याच रिसीव्हरमध्ये ते नसतं. रिसीव्हर फेकू नका. सिनेमा दाखवणारी स्ट्रीमिंग स्टिक थेट टीव्हीला लावा आणि आवाज एआरसीने (एचडीएमआय वायरमधूनच उलट दिशेने) किंवा आवाजाच्या वेगळ्या ऑप्टिकल वायरने रिसीव्हरकडे मागे आणा.

हॉलमधला बॉक्स बेडरूमच्या जुन्या टीव्हीला लावल्यावर पडदा काळा राहिला, तर आउटपुट ४के वर अडकवलेलं असू शकतं. परत हॉलमध्ये न्या आणि 'ऑटो' करा.

रिमोटने बंद करणं म्हणजे बंद नव्हे. लाइट जाऊन आल्यावर या यंत्रांची आपसातली ओळख कधीकधी बिघडते. सगळे प्लग काढा, दोन मिनिटं थांबा, मग आधी टीव्ही, नंतर रिसीव्हर, शेवटी बॉक्स सुरू करा. फुकटचा उपाय आहे, तरी लोक आधी एम. जी. रोडवर केबल आणायला धावतात. घ्यायचीच असेल तर सोन्याच्या मुलाम्याला भुलू नका. खोक्यावर 'अल्ट्रा हाय स्पीड' आणि स्कॅन करता येणारं लेबल आहे का ते बघा.

आता थोडं अर्थिंगचं. पंचवटीतल्या जुन्या वाड्यांसारख्या घरांत अजून कुठे कुठे दोन पिनांचेच सॉकेट आहेत. रिसीव्हरच्या पत्र्याला हात लावला की झिणझिणी येत असेल, तर चालू यंत्रात एचडीएमआय खुपसू नका. पोर्ट जाण्याची भीती असते आणि तो बदलायचा खर्च केबलच्या कितीतरी पट येतो. वळवाचा पाऊस गडगडायला लागला की प्लगबरोबर डिशची वायरही काढा. नुसता प्लग काढून बॉक्स वाचत नाही, कारण गच्चीवरून येणारी ती वायर तशीच जोडलेली राहते.