खुल्या झालेल्या सरकारी आणि लष्करी कागदांचा माग कसा काढावा

'१९७१ युद्ध गोपनीय कागदपत्रे' असं शोधलं की बातम्या आणि व्हिडिओ ढिगाने येतात, मूळ कागद मात्र येत नाही. म्हणून मी विषय बाजूला ठेवतो आणि आधी विचारतो: हा कागद कोणत्या कचेरीने, कोणासाठी लिहिला असेल?

एक उदाहरण घेऊ. ६ एप्रिल १९७१ रोजी ढाक्यातल्या अमेरिकी वाणिज्य दूतावासातून वॉशिंग्टनला एक तार गेली. आपल्याच सरकारच्या धोरणाला अधिकाऱ्यांनी त्यात उघड विरोध केला होता. आर्चर ब्लड तिथले प्रमुख होते. तार परराष्ट्र खात्याला गेली, म्हणजे शोधही तिथेच घ्यायचा. हे खातं १८६१ पासून आपले निवडक कागद 'फॉरेन रिलेशन्स ऑफ द युनायटेड स्टेट्स' या मालिकेत छापतं. १९६९–७६ या काळाच्या संचातला अकरावा खंड १९७१ च्या दक्षिण आशियाई संकटावर आहे. तो ऑनलाइन आहे, फुकट आहे, आणि ती तारही त्यात आहे.

शोधताना शब्द त्या काळचे वापरा. 'ईस्ट पाकिस्तान' घाला, 'बांगला देश' असं तोडूनही पाहा, ढाक्याचं जुनं, दोन 'सी' असलेलं इंग्रजी स्पेलिंग घ्या. आजच्या स्पेलिंगने कितीतरी कागद निसटतात.

आता खरी महत्त्वाची गोष्ट: तळटीप. या मालिकेत प्रत्येक कागदाच्या पहिल्या तळटिपेत तो कोणत्या अभिलेखागारातून (जुने कागद जपणाऱ्या संस्थेतून), कोणत्या गटातून आणि फाइलीतून घेतला ते दिलेलं असतं. 'आरजी ५९' म्हणजे 'रेकॉर्ड ग्रुप ५९', परराष्ट्र खात्याच्या कागदांचा गट. हा पत्ता वहीत उतरवून घ्या. छापला गेला तो एक कागद; त्याच फाइलीत त्याचे शेजारी असतात, आणि मला तरी सर्वांत मोलाची माहिती त्या शेजाऱ्यांतच मिळते.

ब्रिटिश कागदांचंही तसंच. तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'डिस्कव्हरी' सूचीत 'डब्ल्यूओ ९५' म्हणजे पहिल्या महायुद्धातल्या पलटणींच्या युद्धडायऱ्या. त्यांत भारतीय पलटणीही आहेत. सैनिकाचं नाव टाकून फारसं काही मिळत नाही. पलटण, ब्रिगेड आणि महिना टाका.

सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेच्या खुल्या झालेल्या कागदांचा मोठा संग्रह जानेवारी २०१७ मध्ये ऑनलाइन आला. त्याआधी तो मेरीलँडमधल्या अभिलेखागारातल्या संगणकांवर जाऊनच पाहावा लागे. यातले पुष्कळ कागद पुसट टंकलिखितावरून स्कॅन केलेले आहेत, त्यामुळे यंत्र अक्षरं चुकीची वाचतं. शब्द सापडला नाही म्हणून कागद नाही असं समजू नका, तारखेने चाळा.

सर्च इंजिनमध्ये इंग्रजीत 'साइट', अपूर्णविराम आणि संकेतस्थळाचा पत्ता लिहिला की शोध तिथपुरताच राहतो. 'फाइलटाइप' लिहून तसंच पीडीएफ मागता येतं. नेमका वाक्यांश अवतरणचिन्हांत घाला.

कागदावर 'सीक्रेट' दिसलं तर घाबरू नका, पण खुला केल्याचा शिक्का शोधा. सीआयएच्या कागदांवर 'अप्रूव्हड फॉर रिलीज' आणि तारीख असते. अशी खूण नसलेला, कुठल्यातरी सर्व्हरवर चुकून उघडा राहिलेला कागद मी उतरवून घेत नाही, पुढे पाठवतही नाही. कायदा आहेच, शिवाय त्यात कुणाचा जीव गुंतलेला असू शकतो.

मजकूर झाकणाऱ्या काळ्या पट्ट्या दिसल्या तर त्याच कागदाची दुसरी प्रत शोधा. वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या हातांनी खुल्या झालेल्या प्रतींत झाकलेल्या ओळी वेगळ्या असतात. जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठातल्या नॅशनल सिक्युरिटी आर्काइव्हने अशा प्रती शेजारी शेजारी ठेवून दाखवल्या आहेत.

आणि सूचीत फाइल आहे पण स्कॅन नाही, असं झालं तर मागा. अमेरिकेत १९६६ चा, भारतात २००५ चा माहितीचा कायदा आहे. अर्जात 'युद्धाविषयी सर्व माहिती' असं लिहू नका. गट, फाइल क्रमांक, वर्ष आणि कागदाचा प्रकार लिहा.