वाडं घालताय? मग कॅल्शियमकडं बघा
गळीत हंगाम सुरू झाला की कोल्हापुरातल्या करवीर-शिरोळकडं गोठ्यात दोन्ही वेळ वाडंच, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. स्वस्तात मिळतं, जनावरंही आवडीनं खातात. पण वाड्यात ऑक्झलेट नावाचं द्रव्य असतं. ते कॅल्शियमला धरून ठेवतं, मग कॅल्शियम अंगी न लागता शेणावाटे जातं. त्यावर गव्हाचा भुसा (कोंडा) घातला की स्फुरद (फॉस्फरस) वाढतं आणि कॅल्शियम आणखी मागं पडतं. एकूण चाऱ्या-खुराकात कॅल्शियम निदान स्फुरदाइतकं, शक्यतो दीड-दोन पट हवं. उलटं झालं तर वाढत्या रेडकांची हाडं कच्ची राहतात, नरांना मुतखडाही होतो. लघवी तुंबली तर घरगुती उपाय करत बसू नका, लगेच डॉक्टर बोलवा.

वाड्यात कडबा कुट्टी आणि लसूणघास मिसळा. घासात कॅल्शियम भरपूर. शिवाय खनिज मिश्रण: मोठ्या जनावराला रोज साधारण 50 ग्रॅम, वासराला 20-25, भिजवलेल्या पेंडीत कालवून. नुसतं मीठ त्याची जागा घेत नाही. जनावर माती, चिंध्या, हाडकं चघळू लागलं तर मात्र स्फुरद कमी पडतंय किंवा पोटात जंत आहेत, असं समजून तपासून घ्या. तिथं कॅल्शियमच्या बाटल्या पाजून पैसे वाया जातात.