विद्यार्थ्याच्या संशयास्पद मृत्यूचा तपास: अनुत्तरित प्रश्नांचा पाठपुरावा कसा करावा

बेपत्ता विद्यार्थ्याचा मृतदेह सापडल्यावर पोलीस बहुधा प्रथम अकस्मात मृत्यूची नोंद करतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्याच्या, कलम १९४ खालील ही चौकशी मृत्यूच्या दिसणाऱ्या कारणापुरतीच असते, त्यामुळे तिला गुन्ह्याचा तपास समजून कुटुंबाने स्वस्थ बसू नये.

सर्वांत आधी वसतिगृह, महाविद्यालय आणि स्थानकावरील सीसीटीव्ही चित्रीकरण जतन करण्याची लेखी मागणी पोलीस ठाण्यात द्यावी आणि पोच घ्यावी, कारण जुन्या चित्रीकरणावर नवे चढत जाते आणि एकदा गेलेला हा पुरावा सहसा परत मिळत नाही. मुलाला शेवटचे कोणी पाहिले, मोबाइल केव्हा बंद झाला, अंगावरचे कपडे तेच होते का, शवविच्छेदनात नोंदलेल्या जखमा मृत्यूपूर्वीच्या की नंतरच्या, व्हिसेरा (तपासणीसाठी राखलेले शरीरातील अवयवांचे नमुने) प्रयोगशाळेत केव्हा पोहोचला, हे प्रश्न तारीखवार मांडावेत. तोंडी आश्वासनावर विसंबणे मला धोक्याचे वाटते.

दखलपात्र गुन्हा (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) दिसत असूनही तो नोंदवला जात नसेल, तर असा गुन्हा नोंदवणे बंधनकारक ठरवणाऱ्या, ललिता कुमारी खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालाचा आधार घेऊन याच संहितेच्या कलम १७३(४) नुसार पोलीस अधीक्षकांकडे आणि त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. गुन्हा नोंदवल्यानंतर तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत फिर्यादीला कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. तपास बंद करण्याचा अहवाल न्यायालयात गेला, तरी तो स्वीकारण्यापूर्वी फिर्यादीचे म्हणणे ऐकले जाते. तिथे हेच प्रश्न निषेध अर्जातून, म्हणजे त्या अहवालाला हरकत घेणाऱ्या अर्जातून, मांडून पुढील तपासाची मागणी करावी.